माझ्या मायची मयत तुमच्या वरातीत

अपमान झाला तो माझ्या मायचा. ती तेव्हा मेलेली होती, म्हणून तिला कळलं नाही. मागच्या जानेवारीत, अमरावतीला, आमच्या संस्थेच्या स्नेहसंमेलनाच्या शेवटच्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपून सगळे मैदानात जमले तेव्हा. माझ्या बाबांचाही झाला, मावशीचाही झाला. ते दोघं अकोल्याला आपापल्या कामावर होते. तिथं उभी होते ती मी एकटी.

संस्था संगीत शिकवणारी. तबला-पेटीचं संगीत नाही, संगणकावरचं. कुठलाही आवाज भरायचा, त्याचा तुकडा कापायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, वरखाली करायचा आणि त्याचं गाणं बनवायचं. त्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात. हे आधीच सांगते, कारण सगळं त्या तुकड्याचं आहे.

तर मैदान. मांडव. मांडवाच्या दोन्ही अंगांना माणसाएवढे स्पीकर. वर वैभव. आमच्याच वर्गातला, अचलपूरकडचा, घरी संत्र्याचे बगीचे आणि नजर पुरणार नाही एवढी काळी जमीन. एका कानाला हेडफोन, एक हात हवेत.

"अमरावतीऽ! तयार आहे का?"

पोरं ओरडली. त्यानं ट्रॅक सोडला.

डफडं.

पहिल्या ठोक्याला मी हसले. खरंच हसले. म्हटलं, चला, यांच्या मांडवात आमचं डफडं आलं एकदाचं. दोन-चार ठोके पडले आणि हसू गेलं. ही वरातीची चाल नव्हती. ही मयतीची. वरातीत डफडं पायात शिरतं. मयतीत ते खांदेकऱ्यांचं पाऊल धरून ठेवतं, कोणी पुढं पळू नये, कोणी मागं रेंगाळू नये म्हणून. आमच्या पुऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, पोरांना हा फरक पाळण्यात कळतो. मैदानातल्या एकालाही कळला नाही. कळणार कसा? डफडं वाजताना हे लोक कायम खिडकीच्या आत होते.

मग ठोका थांबला. मैदानही थांबलं. वैभवनं बोट वर केलं. स्पीकरातून बाईचा आवाज आला. बारीक केलेला, वर चढवलेला, कापून कापून जोडलेला. पिपाणीसारखा. तरी मी ओळखला. तो माझ्या कांतामावशीचा हंबरडा होता.

आणि डफडं परत पडलं. आता खाली धडधडता बास. सगळं मैदान एकदम उडालं.

शेजारची पोरगी माझा हात ओढत म्हणाली, "अव नाच नं! पाय मोडले का तुहे?"

पुढच्या रांगेत सोफे. सोफ्यावर पाहुणे आणि पाहुण्यांना चिकटून आमचे सर. मी गर्दी कापत तिथवर गेले. त्यांच्या कानाशी वाकून ओरडले. "सर, ही माह्या मायची मयत आहे. बंद करा."

"काय?"

"माह्या मायची मयत आहे हे! बंद करा!"

त्यांना ऐकू आलं होतं. मी त्यांचं तोंड पाहिलं. ते पाहुण्यांकडे बघून हसले आणि मला म्हणाले, "नंतर बोलू हं. आत्ता एन्जॉय कर."

ट्रॅक पूर्ण वाजला. मग 'वन्स मोअर' झाला.

आम्ही मांग. अकोल्याच्या कडेला आमचा पुरा. डफडं आमचं. माझ्या बाबांनी उभ्या पंचक्रोशीच्या लग्नांपुढे आणि मयतींपुढे वाजवलं. वाजवायला सगळ्यात पुढे, जेवायला सगळ्यात मागे, तेही उकिरड्याच्या बाजूला पंगत. मग डीजे आले. लग्नं गेली, मयती राहिल्या. बाबा दालमिलमध्ये हमालीला लागले. माय शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. ती मला म्हणायची, "बापाचं डफडं खुटीले टांगलं. तू मशीनवर वाजव. मशीनवाल्याले कोणी उकिरड्यावर नाई बसवत."

माय चुकली होती. पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

अकोल्याहून सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटो. रोज. वर्गात चांगल्या हेडफोनचा एकच जोड. एकाचं झालं की दुसऱ्यानं लावायचा. पहिल्याच आठवड्यात माझ्यानंतर वैभवचा नंबर आला. त्यानं खिशातून रुमाल काढला. हेडफोनच्या गाद्या पुसल्या. मग सॅनिटायझर फवारला. मग लावला. माझ्याआधी अर्ध्या वर्गानं लावला होता. तेव्हा कोणी पुसला नाही.

मी विचारलं, "काहून पुसून राहिला?"

"मले इन्फेक्शन लवकर होते व."

वर्ग हसला. सरांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मी वही उघडून लिहायला लागले. शिकायचं होतं ना.

मग काम मिळालं. 'घरचा आवाज' भरून आणायचा. संस्थेचा रेकॉर्डर आळीपाळीनं घरी न्यायचा. परत आणला की त्याच्यातलं सगळं संस्थेच्या संगणकावर उतरवायचं आणि रेकॉर्डर पुढच्याला द्यायचा. ही पद्धत. वैभवनं बगीच्यातली मोटार आणली. एकीनं देवघरातली घंटा आणली. एकानं बुलेट आणली. सर म्हणाले, "वा, किती समृद्ध आहेत तुमची घरं!"

माझी पाळी आली तेव्हा माय सरकारी दवाखान्यात होती. किडन्या गेल्या होत्या. रेकॉर्डर मी घरी नेला आणि तसाच पिशवीत राहू दिला. त्याच आठवड्यात माय गेली.

आमच्यात घरच्या मयतीत घरचा माणूस डफड्याला हात लावत नाही. भावकीतले येतात, ते वाजवतात. त्या सकाळी चुलतभाऊ अंगणात तुराट्या पेटवून डफडं तापवत होता. थंडीनं कातडं ढिलं पडतं, तापवलं की चढतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. एकदम उठले. माझ्याजवळ आले.

"तुह्या मशीनमध्ये आवाज भरता येते नं?"

"येते, बाबा."

"भरून घे मंग. विसाव्यापासून मी वाजोतो. त्यानंतर हात नाई लावणार मी डफड्याले. कोणासाठीच नाई."

विसावा म्हणजे अर्ध्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात ती जागा. तिथून बायका माघारी फिरतात, पुरुष पुढे जातात. मी मशीन चालू करून तिरडीच्या बाजूनं चालले. विसावा आला. तिरडी टेकली. डफडं थांबलं. मावशीला माहीत होतं, आता इथून मागं वळायचं. माय तिची मोठी बहीण. तिच्या तोंडून जे निघालं त्याला रडणं म्हणता येत नाही. मग बाबांनी चुलतभावाच्या गळ्यातलं डफडं काढून आपल्या गळ्यात घातलं आणि वाजवलं. मी बाई असून मसणापर्यंत गेले. कोणी अडवलं नाही. अडवलं असतं तरी थांबले नसते, मशीन चालू होती.

आता कळलं तुम्हाला? ठोका, मग थांबणं, मग बाईचा आवाज, मग ठोका परत पडणं. वैभवनं काही रचलं नव्हतं. त्यानं आमची मयत जशीच्या तशी उचलली होती. जिथं माझी माय जमिनीवर टेकली, तिथं यांची पोरं उडी मारतात.

बाराव्या-तेराव्याचं सगळं आटोपून मी रेकॉर्डर परत केला. सरांना सांगितलं, "सर, याच्यात माह्या मायची मयत आहे. हे वर्गासाठी नाही. मले फक्त याची कॉपी पायजे." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हो, ठेवला. म्हणाले, "तुझ्या नावाच्या फोल्डरमध्ये सुरक्षित राहील, बेटा." माझ्याकडे लॅपटॉप नव्हता. मी त्या हातावर विश्वास ठेवला.

संमेलनानंतर त्यांच्या केबिनमध्ये गेले. वैभव तिथंच बसला होता, चहा पीत. मला खुर्ची कोणी दिली नाही.

मी म्हटलं, "तुमी म्हटलं होतं, फोल्डरमध्ये राहील."

सर म्हणाले, "हे बघ, संस्थेच्या रेकॉर्डरवर भरलेलं संस्थेचं असतं. आणि वैभवनं त्याच्यावर किती मेहनत घेतलीय, तुला कल्पना आहे का?"

"ती माही माय आहे, सर."

"अगं, सॅम्पल आहे ते. सॅम्पलला आईबाप नसतात."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही.

वैभव म्हणाला, "तुह्या मायले फेमस केलं व मी. नेटवर टाकलं तं अकोल्याचे, परतवाड्याचे डीजे फोन करून राहिले."

मी विचारलं, नेटवर मूळ आवाज कोणाचा म्हणून लिहिलं? त्यानं फोन पुढे केला. लिहिलं होतं: 'मूळ ध्वनी – पारंपरिक.'

पारंपरिक. म्हणजे कोणाचाच नाही. बगीच्यातली मोटार पारंपरिक नसते, ती वैभवच्या बापाची असते. देवघरातली घंटा पारंपरिक नसते, तिच्यावर घराण्याचं नाव कोरलेलं असतं. आमचा बाप जित्ता, गळ्यात डफडं अडकवून, बायकोपुढे वाजवतो, आणि तो पारंपरिक. हेडफोनला आमचा कान लागला तर विटाळ. आमचं रडणं कानात घालून घ्यायला विटाळ नाही.

मी निघताना सरांना काहीतरी सुचलं. आवाज गोड करून म्हणाले, "असं कर, पुढच्या कार्यक्रमाला वडिलांनाच घेऊन ये. मस्त फेटाबिटा बांधू. लाइव्ह वाजवतील. लोकांना अस्सल आवडतं."

मी दारातून बाहेर पडले, बडनेऱ्याला गाडीत बसले, आणि मूर्तिजापूर जाईपर्यंत माझे दात दातांवरून सुटले नाहीत.

घरी सांगितलं नाही. काय सांगू? माझ्या जिवाची एकच धडपड होती, हे बाबांच्या कानावर पडायच्या आत कसंही करून थांबवायचं. मी रोज कोणाला ना कोणाला फोन करत होते. ज्या साइटवर टाकलं तिथं तक्रार केली, उत्तर आलं की आवाज तुमचाच असल्याचा पुरावा द्या. मूळ आवाज संस्थेच्या संगणकात, आता हंबरड्याचा पुरावा कुठून आणू? मावशीला पुन्हा रडायला लावू? डीजेवाल्यांना फोन केले. एक म्हणाला, "ताई, पब्लिक मागते, आमी काय करू?" एक म्हणाला, "मयत असो का काही असो, वाजते जबरदस्त." एकानं फोन चालू ठेवून शेजारच्याला सांगितलं, "अबे, पागल आहे एक, रोज फोन करते."

फेब्रुवारीत ते आमच्या दारावरून गेलं.

दिवेलागणीची वेळ. आमच्या पुऱ्यापुढच्या रस्त्यानं वरात निघाली होती. बाबा जेवत होते, मावशी चुलीपुढे भाकर थापत होती. लांबून ठोका आला. बाबांचा हात ताटातच राहिला. मी उठून दार लावायला गेले. ते म्हणाले, "राहू दे."

ठोका जवळ आला. थांबला. आणि तो आवाज. मावशीच्या हातातली भाकर परातीत पडली.

"बाई व," ती म्हणाली, "हे तं मीच हाओ."

बाबा हात न धुता उठले. दारात जाऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. मयत दारावरून जाते तेव्हा माणूस उभा राहतो तसे. वरातीतल्या पोरांना वाटलं, म्हातारा रंगात आला.

"ओ काका! हात काय जोडता, नाचा नं!"

"काकाले घ्या रे मधात!"

एकानं त्यांच्या दंडाला धरून ओढलं. बाबा हलले नाहीत. स्वतःचेच ठोके ऐकत उभे राहिले, शेवटचा स्पीकर वळेपर्यंत.

मग आत येऊन त्यांनी मला विचारलं. रागानं नाही. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्यायले सांग, वापस द्या म्हणा."

"बाबा, ते वापस येत नाही. त्याच्या लय कॉप्या होतात. हजार फोनात गेलं ते."

"आपली वस्तू आहे नं? मंग वापस काहून नाई येत?"

दोन वर्षं मी याच विषयाचं शिकत होते, आणि हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. एका पानाचं. वर मोठ्या अक्षरात: 'मयत चोरणाऱ्यांनो, जबाब द्या.' संस्थेच्या फाटकावर उभी राहून वाटलं. अर्ध्यांनी घेतलं, वाचता वाचता पायाखाली टाकलं. संध्याकाळपर्यंत सरांचा निरोप आला. सोमवारी वर्गासमोर, माइकवर, वैभवची माफी मागायची. नाहीतर शेवटचा प्रकल्प घेतला जाणार नाही. प्रकल्प नाही तर निकाल नाही. निकाल नाही तर दोन वर्षं पाण्यात.

सोमवारी गेले. वर्ग भरलेला. समोरच्या मोठ्या पडद्यावर सरांनी मुद्दाम तोच ट्रॅक उघडून ठेवला होता, वैभवची मेहनत सगळ्यांना दिसावी म्हणून. रंगीत पट्ट्या, एकाखाली एक. बाबांचे ठोके निळे. मावशीचा हंबरडा गुलाबी. त्या गुलाबी पट्टीला नाव दिलं होतं, 'हूक टू', म्हणजे पब्लिकला पकडणारा तुकडा, नंबर दोन.

सर म्हणाले, "माइक चालू आहे. दोन वाक्यं बोल आणि विषय संपव."

मी माइक हातात घेतला. पडद्याकडे बोट केलं.

"गुलाबी पट्टी माही मावशी आहे. तिचं नाव कांता. निळी पट्टी माहा बाप आहे. मधात जे रिकामं दिसते, तिथं माही माय खाली ठेवली होती. मी माफी मागणार नाही. तुमी हे पुसा. नेटवरूनही काढा. आत्ता, माह्यासमोर."

वैभव बोलला, खुर्चीत मागे रेलून. "अव, एवढं काय त्यात? तुमचं तं कामच आहे वाजवाचं."

"कामच आहे," मी म्हटलं. "म्हणून कोणासाठी काय वाजोलं, हे आमाले माहीत असते. तुले तं तू कशावर नाचून राहिला हेही माहीत नाही."

"बाहेर हो," सर म्हणाले.

मी वर्गाकडे पाहिलं. एक तरी उठेल असं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू, वाटलं होतं. जिनं माझ्या डब्यातली भाजी खाल्ली ती वहीत बघत होती. कोणी उठलं नाही. मी माइक बंद केला नाही, चालूच टेबलावर ठेवला, आणि निघाले.

निकाल लागला नाही. लागणारही नाही. ट्रॅक अजून नेटवर आहे. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. आणि मावशी. मागच्या महिन्यात शेजारच्या घरी म्हातारा गेला, तिच्या नात्यातलाच. सगळ्या बायका रडत होत्या. मावशी तोंडात पदर कोंबून बसली होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण घशातून आवाज नाही. मी म्हटलं, मावशी, रड नं मोकळी. ती पदर न काढताच म्हणाली, "नाई व. कोणी भरून घेईन."

हे यांनी केलं. यांनी आमच्या बाईचं रडणं बंद केलं. पाण्याचा नळ तोडला, तो कळतो. जमीन घेतली, ती कळते. हे कोणत्या कलमात बसवू? पोलिस ठाण्यात गेले होते. तिथला साहेब म्हणाला, "चोरीला नेमकं काय गेलं ते सांगा." मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

आता मी लग्नसराईत पत्रकं घेऊन फिरते. अमरावतीत, बडनेऱ्यात, अकोल्यात. वरातीपुढे जाऊन उभी राहते. बडनेऱ्यात मला ढकललं, कोपर फुटलं. पुढच्या वरातीपुढे परत उभी राहिले. मला सर्टिफिकेट नको, फेट्यातला सत्कार नको, 'विशेष आभार' तर अजिबात नको. जोपर्यंत हे एका जरी स्पीकरवर वाजतंय तोपर्यंत मी रस्त्यावर आहे. एकटी असले तरी आहे.

आणि आता तुम्ही. हो, तुम्हीच, जे हे वाचताय. वाईट वाटलं असेल तर ते तुमच्याजवळ ठेवा, माझ्या कामाचं नाही. या सिझनमध्ये तुमच्या घरी, नाहीतर गल्लीत, लग्न आहे. तिथं हे वाजेल. डफडं येईल, थांबेल, बाईचा बारीक आवाज येईल, आणि लोक उडी मारायला गुडघे वाकवतील. तुम्हाला आता माहीत आहे तो आवाज कोणाचा. माहीत नव्हतं म्हणायची सोय संपली. तेव्हा उडी मारू नका. बाजूलाही होऊ नका. गर्दीतून चालत त्या डीजेच्या गाडीपर्यंत जा, नवरदेव तुमचा पोरगा असला तरी जा, आणि त्याला सांगा की ही कांताच्या बहिणीची मयत आहे. तो हसेल. पुन्हा सांगा. वायर काढावी लागली तर काढा.

बंद करा.